मनीकडचा डीव्हीडी प्लेअर

मनीकडे डीव्हीडी प्लेअर आला त्या संध्याकाळी आमच्याकडे कुळथाची पिठी होती. आई वाढत होती, मी भात कालवत होते, आणि जेवताना ताटावरून उठणं म्हणजे अन्नाचा अपमान असं मला लहानपणापासून शिकवणारे माझे बाबा घास तसाच ठेवून दाराशी जाऊन उभे राहिले. गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला शिंद्यांची, म्हणजे मनीची खोली. तिथून कुणीतरी बाई गात होती, आणि तिच्या मागे वाजणारा तबला असा सुटा, स्वच्छ ऐकू येत होता की कुणी आपल्याच चाळीत बसून वाजवतोय असं वाटावं. मनीचा भाऊ मस्कतला होता, त्याने तो खोका पाठवला होता. मनीने तिच्या दारातून हाक मारली, "दत्ताकाका, या ना बघायला!" बाबांनी हात धुतला आणि गेले. पिठी थिजली. आईने त्यांच्या ताटावर झाकण ठेवलं आणि मला म्हणाली, "तू जेव गो. तुझो बापूस गेलो तो गेलो."

आमच्या घरात वस्तू कमी आणि कागद फार. बाबा विणकर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांच्या हातात माग राहिला नाही म्हणून त्यांनी पेन धरलं, आणि कामगारांच्या घरांच्या प्रश्नावर पत्रकं लिहायला लागले. खाटेखाली गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदांचे गठ्ठे असायचे, आणि तळलेल्या बांगड्याच्या वासात छापखान्याच्या शाईचा वास मिसळलेला असायचा. मला दोन्ही वास सारखेच घरचे वाटायचे. माझं नाव क्रांती. काळाचौकीत त्याचं लगेच 'क्रांते' झालं, त्यामुळे नावाची धार थोडी गेली, पण मी ती आपल्या परीने राखून होते. मी अक्षरं ओळखायला शिकले ती पत्रकांवरून. मजकूर छापायला जायच्या आधी बाबा तो माझ्या हातात द्यायचे, मी खोलीच्या मधोमध उभी राहून मोठ्याने वाचायची, आणि जिथे माझा श्वास अडेल तिथे बाबा वाक्य तोडायचे. गल्लीत वाटल्या जाणाऱ्या प्रत्येक पत्रकात अशा रीतीने माझा श्वास होता. हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. मला होतं, तेवढं पुरे होतं. माझ्याशिवाय बाबांचं एकही पत्रक पुरं होत नाही, या एका गोष्टीवर मी जगत होते म्हटलं तरी चालेल.

आणि मनी? मनी माझ्याच वर्गात शिकलेली, माझ्याच कॉलेजात आलेली, हळू बोलणारी, केसांना तेल लावून दोन वेण्या घालणारी मुलगी. साताऱ्याकडची माणसं. मला तिचा हेवा वाटावा असं तोवर तिच्याकडे काहीच नव्हतं. मग तो प्लेअर आला.

खरं सांगायचं तर त्या यंत्राचा मला मोह नव्हता. मी तेव्हा 'चंगळवाद' हा शब्द दिवसातून अनेकदा वापरत असे, आईने नवीन गाळणी आणली तरी. पण दोनेक दिवसांनी, बाबा कुठे गेलेत ते बघायला म्हणून मी शिंद्यांच्या दारात गेले, तर अर्धी चाळ आत बसलेली. पडद्यावरची सगळी माणसं उंचच उंच, बारीक, काठीसारखी. खलनायकसुद्धा उपाशी दिसत होता. शिंदेकाकू कौतुकाने म्हणाल्या, "डीव्हीडीची क्वालिटीच वेगळी हो. जाडी दिसतच नाही कुणाची." कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "मग काकू, तुम्ही पण एक काढा की डीव्हीडी." हशा झाला. बाबा मात्र हसत नव्हते. ते यंत्रासमोर उकिडवे बसून मागच्या वायरी बघत होते, मागावर धागा तुटला की बघायचे तसे. "चित्र दाबला गेलाहा," ते म्हणाले. "टीव्ही चौकोनी आणि माप आडव्या टीव्हीचा लावलास. मने, पुस्तक असात बघ सोबत."

पुस्तक होतं. त्याच्या शेवटी एक पान होतं, प्लेअरमधल्या आवाजाच्या आणि चित्राच्या शब्दांचं. इंग्रजीत. मनी ते घेऊन दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, ह्याचं मराठी करून द्याल? आईला रिमोट कळत नाही, मलापण सगळं नाही कळत." कामगार कायद्याची इंग्रजी कलमं डिक्शनरी घेऊन सोडवणाऱ्या माणसाला असं काही विचारणं म्हणजे मांजराला मासळी राखायला सांगणं. बाबांनी खाटेखालून एक जुनं पोपटी पत्रक ओढलं, पालथं केलं आणि लिहायला बसले. मनी त्यांच्या शेजारी बसली. माझ्या जागेवर.

ते काम कित्येक संध्याकाळी चाललं. बाबांना शब्दाला शब्द ठेवणं माहीत नव्हतं, ते समजावत. आस्पेक्ट रेशो म्हणजे चित्राच्या रुंदीचं उंचीशी असलेलं नातं. नातं बिघडलं की माणसं काठ्या होतात किंवा बटाटे होतात. लेटरबॉक्स म्हणजे चित्र अख्खं दिसावं म्हणून वरखाली सोडलेली काळी जागा. ती बिघाड नव्हे, घाबरू नये. पॅन अँड स्कॅन म्हणजे पडदा भरावा म्हणून कडेची माणसं कापून टाकणं. "हे आपल्या बाबतीत नेहमीच होतं," असं त्यांनी पुढे लिहिलं. रिजन कोड म्हणजे कुठली तबकडी कुठल्या देशात चालावी हे कंपनीने ठरवणं. त्यापुढे त्यांच्या सवयीप्रमाणे: "हा अन्याय आहे." मनी हसून हसून वाकली. "काका, अन्याय पण लिहायचा?" "लिवाचो. नायतर लोकांका कळतला कसा?" मी भिंतीला टेकून अभ्यासाचं पुस्तक धरून बसलेली असायचे आणि एक ओळ वाचत नसायचे. ते दोघं मग पाच आवाजांवर आले. समोर दोन स्पीकर, मागे दोन, आणि मधे एक. मनीने विचारलं, "मधला कशाला?" बाबा म्हणाले, "मधल्यातून माणूस बोलता. बाकीच्यांतून जग वाजता." हे वाक्य त्यांनी तिला सांगितलं. एवढं चांगलं वाक्य, आणि ते मोठ्याने वाचायला त्यांनी मला दिलं नाही.

शेवटी एक दिवस मी म्हटलं, "बाबा, हा चंगळवाद नाही का?"

ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "यंत्र वाईट नसता गो. ता कोणाच्या हातात असा, ता बघूचा."

"मनीच्या हातात आहे."

"मग बरा आसा," बाबा म्हणाले आणि पुन्हा लिहायला लागले. आई चुलीपाशी पाठमोरी उभी होती. तिचे खांदे हसताना हलत होते. मी ते पोपटी पान कधीही वाचणार नाही असं ठरवलं, आणि तत्त्व म्हणून पाळलंही. ती खोली सोडून कितीतरी वर्षं झाली, प्लेअरचा जमानाही गेला, आता माझा मुलगा फोनवर काहीही बघतो आणि रिजन कोड कशाशी खातात ते त्याला माहीत नाही. मी ते शब्द पुढे कधीतरी स्वतः शिकले. पण त्या पावसाळ्यात मी अडाणी राहायचं निवडलं होतं, आणि ते मला फार अभिमानाचं वाटत होतं.

त्या वर्षी मंडळाने गणपतीत गिरणगावाचा चलचित्र देखावा करायचं ठरवलं. हलणाऱ्या मूर्ती, मागे दिवे, आणि सगळ्यावर निवेदन. निवेदन दरवर्षी मीच करायची, पडद्यामागे माइक घेऊन, प्रत्येक खेळाला नव्याने. घसा बसला की आई ज्येष्ठमध द्यायची. यंदाचं निवेदन बाबांनी लिहिलं होतं, आणि ते बोलणार होती खानावळवाली. म्हणजे माझी आजी, बाबांची आई. गावाहून एकटे आलेले गिरणी कामगार तिच्याकडे जेवायचे. एकाच खोलीत पंगतीवर पंगत उठायची. आजी मला अर्धवटच आठवते, पण तिचा आवाज पूर्ण आठवतो. "उपाशी पोटान कामार जाव नको रे झिला, भात वाढतंय, बस." हे वाक्य बाबांनी जसंच्या तसं घातलं होतं. मी मजकूर वाचताना माझा श्वास कुठेच अडला नाही. मला वाटलं, हे माझ्यासाठीच लिहिलंय.

पण मंडळातल्या पोरांना यंदा देखावा "थेटरसारखा" हवा होता. दादरला नंदू नावाचा एक जण छोट्या स्टुडिओत पाच स्पीकरांचं रेकॉर्डिंग करत असे. त्याच्याकडून डीव्हीडी करून घ्यायची, आणि ती मनीकडच्या प्लेअरवर लावायची. आवाजाची परीक्षा झाली. मी आणि मनी, दोघी. मनीला मी नाही, बाबांनीच ये म्हणून सांगितलं होतं. नंदूने माझ्या कानांवर मोठे हेडफोन घातले, मी आजीचं पान वाचलं, आणि काचेपलीकडे तो दोन्ही हात वर करून थांब थांब म्हणायला लागला. "ताई, माइक फुटतोय. मोर्चा नाहीये हा. तुम्ही समोरच्याला जेवायला बोलवताय, घेराव नाही घालत."

मी पुन्हा वाचलं. तो पुन्हा म्हणाला, "घोषणा होतेय."

मग मनी आत गेली. तिला मालवणी येत नव्हतं. 'झिला'मधला ल तिने अगदी साताऱ्याचा लावला. मला हसू आलं, पण काचेपलीकडे कुणी हसत नव्हतं. नंदू डोळे मिटून ऐकत होता. बाबा खिडकीपाशी उभे होते, पाठ आमच्याकडे. मंडळाच्या पोरांनी हात वर करून मतं दिली. बाबांचा हात मी बघितला नाही, कारण मी तोवर जिन्यात होते.

देखावा उघडायच्या दिवशी, आरतीच्या जरा आधी, मंडपात शेवटची चाचणी झाली. साउंडवाल्या पोराने प्लेअरच्या मागच्या सहा भोकांपैकी (पाच त्या पाच आवाजांची, एक नुसत्या घुमण्याचं) दोन भोकांत वायरी खुपसल्या, कारण त्याच्याकडे दोनच मोठे बॉक्स होते, माणसाएवढे उंच. डिस्क सुरू केली. गिरणीचा भोंगा झाला आणि मंडपाची कापडं थरथरली. मग मागांचा खडखडाट. "खणखणीत!" कार्यकर्ते ओरडले. आवाज मोठा येतोय ना, मग झालं. आमच्याकडे चाचणी म्हणजे एवढंच: छाती हलली पाहिजे. बोलणं सुरू व्हायच्या आत कुणीतरी आरतीचं ताट घेऊन आलं आणि डिस्क थांबवली.

आरती झाली. रांग थेट नाक्यापर्यंत गेली होती. पहिला खेळ सुरू झाला. दिवे मंदावले, भोंगा वाजला, माग धडधडले, खानावळवालीची मूर्ती हळूहळू वाकून पानात भात वाढायला लागली. आणि बोलली नाही. तिचा हात वर जात होता, खाली येत होता, मान हलत होती, मागे पावसाचा आवाज, भांड्यांचा आवाज, पंगतीतली कुजबुज, सगळं येत होतं. फक्त बाई मुकी. मी पडद्यामागे होते, मनीपण होती, तिच्या हातात रिमोट. ती पांढरीफटक पडली. "क्रांती, माझा आवाज कुठे गेला ग?"

बाहेर कुणी शिटी मारली. कुणी ओरडलं, "आवाज द्या, आवाज!" आरतीचा माइक तिथेच खुर्चीवर होता आणि चालू होता. मी तो उचलला. मला पाठ होतं, सगळं, स्वल्पविरामासकट. मी मूर्तीच्या हाताकडे बघत बोलायला लागले: "मी पंगतीची बाई. माझ्या खोलीत भिंती कमी आणि भुका जास्त होत्या..." शिट्ट्या थांबल्या. पुढची लहान मुलं खाली बसली.  आता कळतंय ना, मला सगळ्यांना ओरडून सांगायचं होतं. आता कळतंय ना हे कुणाचं आहे.

त्याच वेळी बाबा कनातीखालून वाकून आत आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मनीच्या हातातून रिमोट घेतला, प्लेअरला जोडलेल्या लहान टीव्हीवर नजर लावली, आणि एकामागून एक बटणं दाबत गेले. मला तेव्हा कळलं नाही, ज्यांनी ते पोपटी पान वाचलं होतं त्यांना कळलं असतं: डिस्कवर मनीचा आवाज मधल्या स्पीकरसाठी ठेवलेला होता, आणि इथे मधला स्पीकर नव्हताच. पाचांचं ओझं दोघांवर उतरवायचं म्हणजे डाउनमिक्स. टीव्हीवरच्या यादीत बाबांनी त्यावर खूण केली, आणि माझ्या आवाजाच्या पुढे, एक वाक्य आधी, मनी बोलायला लागली.

एकाच बाईच्या तोंडून दोन आवाज. मी एका वाक्यावर, तोवर ती पुढच्यावर. लोक हसले. वाईट हसले असं नाही, पण हसले. माझ्या आजीवर. मी थांबले नाही. का थांबायचं? मी आधी बोलत होते. मी आवाज चढवला, अगदी मोर्चातला. बाबा आता साउंडवाल्याच्या मिक्सरपाशी होते, त्यांच्या पुढ्यात दोन सरकते खटके, एक डिस्कचा, एक माइकचा. त्यांनी पहिल्यांदाच वर बघितलं, सरळ माझ्या डोळ्यांत. आणि माइकचा खटका खाली ओढला.

मी पुढची दोन वाक्यं बोलले तेव्हा ती फक्त मला आणि मनीला ऐकू आली. बाहेर मनीचा आवाज जात होता. उपाशी पोटान कामार जाव नको रे झिला. साताऱ्याचा ल. बाहेर आता कुणी हसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने घावणे केले होते, काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर. बाबा माझ्यासमोर येऊन बसले, घावणा तोडला, आणि न खाता ठेवून दिला.

"रागावलंस?"

"तुम्ही मत कुणाला दिलं होतं?"

"मनीक."

त्यांनी सांभाळून घ्यावं, मंडळाचं ठरलं होतं वगैरे म्हणावं अशी मी वाट बघत होते. मी उत्तर तयार ठेवलं होतं, पत्रकाच्या भाषेत, तीन मुद्द्यांचं. त्यांनी तसं काही म्हटलं नाही.

"तिच्यापेक्षा मला मालवणी येतं. ती माझी आजी होती."

"होती," बाबा म्हणाले. "पण तू वाचतंस तेव्हा माका आये ऐकू येणा नाय. मी ऐकू येतंय. माझा भाषण. मनीन वाचल्यान, उच्चार चुकलो, सगळा चुकला. पण माका वाटला, कोणी तरी माका जेवूक बोलावता."

आई तव्यापाशी होती. तिने वळून त्यांना म्हटलं, "बापाशीन पोरीक असा सांगूचा?" बाबा म्हणाले, "इचारल्यान म्हणून सांगलंय. खोटा सांगू?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "तुझो आवाज आसा तो आसा. तो माझ्याकडसून इलो. त्याका मी काय करू?"

पुढे अनेक सभांत, अनेक गेटांवर मी बोलले आहे. माझा आवाज माइकशिवाय पोचतो, असं लोक म्हणतात, आणि मला ते आवडतं. पण त्या सकाळी बाबांचं ते वाक्य मला बक्षीस वाटलं नाही. मला वाटलं, जी एकच गोष्ट मला आजीकडून मिळाली असं मी समजत होते, तिचा आवाज, ती मनी घेऊन गेली, आणि माझ्या बापाने ती स्वतःच्या हाताने उचलून दिली.

संध्याकाळी मनी दारात आली. आत आली नाही, चौकटीला धरून उभी. "क्रांती, आज तू बोल. मी सांगते मंडळात. मला माझा आवाज ऐकवत नाही ग, बोबडा वाटतो." ती खोटं बोलत नव्हती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. ती भांडायला आली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "डिस्क आहे ना? डिस्कच लावा." ती वळली आणि गेली.

मग मी रांगेत जाऊन उभी राहिले, बाकीच्या लोकांसारखी, कनातीच्या बाहेर. खेळ सुरू झाला. भोंगा झाला, खानावळवाली वाकली आणि मनीच्या आवाजात बोलली. माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते, शीवहून आलेले, सुनेबरोबर. कधीतरी गिरणीत असणार, हातांवरून कळत होतं. "बस," असं ती बाई म्हणाली तसे ते खरंच खाली बसायला गेले. गुडघे वाकवले त्यांनी. सुनेने दंड धरला, "काय झालं, दमलात?" त्यांनी नुसती मान हलवली, आणि उपरण्याने डोळे पुसले.

मी त्यांच्या मागे उभी होते. त्यांच्या मानेकडे बघत मी ओठांतल्या ओठांत तेच वाक्य म्हटलं, बरोबर उच्चारात, आजीच्या ल-सकट, जेवढं हळू म्हणता येईल तेवढं हळू. त्यांनी वळून बघितलं नाही.